पहिल्या चावीला

शनिवारी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या एका घरापुढे उभी असलेली हिरवी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. गाडी एकोणीसशे अडुसष्ट सालची, ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, कापडी टपाची, लांब नाकाची. तिचा मालक ज्ञानेश उपासनी, वय चोपन्न, व्यवसायाने भूलतज्ज्ञ, त्या वेळी वरच्या मजल्यावर दाढी करत होता. त्याचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच राहिला. एकोणीस वर्षांत ही गाडी पहिल्या चावीला कधीच सुरू झालेली नव्हती. पहिली चावी म्हणजे नकार, दुसरी म्हणजे खोकला, तिसरीला होकार. या तीन पायऱ्यांना ज्ञानेश गाडीचा स्वभाव म्हणत असे. आधी चोक पूर्ण बाहेर ओढायचा. चावी अर्धी फिरवायची आणि मागून येणारी, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची टकटक मोजायची. सात झाल्या की स्टार्टर. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. लावला की इंजिन पेट्रोलने गुदमरलं, मग बसा अर्धा तास वास घेत. हे जमायला कान लागतो, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना समोरच्याच्या कानाकडे असं बघायचा की तो माणूस नकळत कानाला हात लावी.

चोर असेल ही शक्यता त्याने तिथल्या तिथे निकालात काढली, तीही तुच्छतेने. हल्लीच्या चोरांना चोक म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याने खिडकीचा पडदा बाजूला केला. गाडीवरचं कव्हर चौघडी करून पायरीवर ठेवलेलं होतं. तो स्वतः त्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकत असे. टप उघडा होता. भुरभुर पाऊस पडत असूनही उघडा होता. चालकाच्या जागेवर निळा रेनकोट घातलेली त्याची बायको विद्या बसली होती. तिने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. या गाडीला रिव्हर्स पडायचा तर दांडा आधी वर उचलून मग डावीकडे ढकलावा लागतो. नवखा माणूस हमखास गिअरचे दात खरवडतो. काही खरवडलं नाही. गाडी मागे गेली, वळली, आणि वसाहतीच्या तोंडाशी जाऊन क्षणभर थांबली. तिथे नेमकी शेजाऱ्यांची पांढरी व्हॅन आड आली. ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला की दोनदा, हे ज्ञानेशला दिसलं नाही.

ते दिसायला हवं होतं. गेले सोळा दिवस ब्रेकचं पेडल पहिल्यांदा दाबलं की लोण्यात बोट जावं तसं थेट खाली जात होतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की धरत होतं. मास्टर सिलिंडरमधलं रबरी सील गेलेलं होतं. नवं सील इंग्लंडहून येऊन अकरा दिवस झाले होते आणि ते त्याच्या टेबलाच्या खणात, न उघडलेल्या पाकिटात पडलेलं होतं. वेळ मिळाला नाही, हे कारण त्याने स्वतःला देऊन ठेवलं होतं. खरं कारण निराळं होतं, आणि ते त्याला आता, आरशासमोर परत उभं राहिल्यावर, फेसाच्या आणि चामडीच्या सीमारेषेवर कुठेतरी दिसलं: त्याला ते आवडत होतं. पाय खाली जायचा, पोटात एक क्षण पोकळी व्हायची, मग दुसऱ्या दाबाला गाडी ऐकायची. तिला कसं थांबवायचं हे जगात एका माणसाला माहीत होतं. इस्पितळात हाच माणूस रोज सकाळी भुलीचं यंत्र तीनदा तपासून यादीवर सही करत असे आणि दोनदाच तपासणाऱ्या ज्युनियरांचा सगळ्यांसमोर पाणउतारा करत असे. इतक्या जुन्या गाड्यांना या देशात नियमित तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे सही करायचा प्रश्न नव्हता.

तो ऐकत उभा राहिला. मोठ्या रस्त्यावर गाडी दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, आवाज पातळ होत होत बसच्या आवाजात मिसळला. काही आपटलं नाही.

या वसाहतीत एकूण बेचाळीस घरं होती आणि त्याच्या मते एकही गाडी नव्हती. विजेवर चालणारे मिक्सर होते. रात्री प्लगला लावायचे आणि सकाळी काढायचे, फोनसारखे. अभिजित, ग्रँड कॅनाल डॉकला एका सॉफ्टवेअर कंपनीत असलेला नागपूरचा मुलगा, त्याच्या मिक्सरला बाराखडी शिकवल्यासारखं ओरडून सांगायचा, ‘टेक मी होम’, आणि तो मिक्सर त्याला घरी न्यायचा. माणसाने घरी कसं जायचं हेही विसरावं, याचा ज्ञानेशला मनापासून वीट यायचा. गेल्या महिन्यात अभिजितकडे गणपतीला हे दोघं हिरव्या गाडीतून गेले होते. नेहमीप्रमाणे सगळे बाहेर आले, नेहमीप्रमाणे फोटो काढले, आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी विचारलं, ‘अ‍ॅव्हरेज किती देते, डॉक्टर?’ अजिंठ्याला जाऊन चुन्याचा भाव विचारणारी ही जमात. आणि दुसऱ्या बाजूला इथले जुन्या गाड्यांचे शौकीन. सपाट टोप्या, थर्मास, घडीच्या खुर्च्या, माळरानावर गाड्या ओळीत लावून दिवसभर सँडविच खात एकमेकांच्या नटबोल्टांची चौकशी. त्यांच्या क्लबात तो एकदा गेला आणि परत गेला नाही. ते लोक गाड्या पुसत होते. चालवत नव्हते.

त्या गणपतीच्या दिवशी विद्या गाडीत बसून राहिली होती. डावीकडचं दार आतून उघडत नाही. पहिल्यापासूनच उघडत नाही. आतली दांडी कधीतरी तुटली आणि मूळ बनावटीची मिळेना, दुसरी कुठलीतरी लावणं त्याला पटेना. म्हणून प्रत्येक वेळी तो उतरतो, पुढून वळसा घालून येतो आणि बाहेरून दार उघडतो. आयरिश बायका थांबून बघतात. ‘इजन्ट ही अ जेंटलमन,’ असं एक म्हातारी चर्चपुढे म्हणाली होती. अभिजितची बायको क्षितिजाही म्हणाली, ‘अय्या, विद्याताई, किती रोमँटिक!’ विद्या उतरली, उजव्या गुडघ्यावर चढवलेली न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी काढून तिने झटकली, कारण टप त्या एकाच जागी गळतो आणि थेंब बरोबर त्याच गुडघ्यावर पडतो, आणि म्हणाली, ‘रोमँटिक कसलं गं. बिघाड आहे.’ सगळे हसले. ज्ञानेशही हसला. पण उतरायला तिला मिनिट लागलं होतं, कारण तो मध्येच बॉनेट उघडून कोणालातरी दोन कार्ब्युरेटर दाखवत उभा होता, आणि आतून काचेवर टकटक झाल्यावर त्याने बोट वर करून खूण केली होती: थांब.

तो अर्धी दाढी तशीच ठेवून खाली आला. स्वयंपाकघरात शर्वाणी बसली होती. सतराव्या वर्षी माणूस जितकं कमी बोलून जगू शकतो तितकं कमी बोलणारी, शाळेच्या शेवटच्या वर्षातली त्याची मुलगी. पुढ्यात दुधातलं सीरियल, डोळे फोनवर.

‘आई कुठे गेली?’

‘आउट.’

‘आउट म्हणजे कुठे?’

‘आउट, बाबा. लाइक, आउट.’

‘तुला काय सांगून गेली?’

‘शी सेड शी वॉज गोइंग.’

‘तू हे इंग्लिशमध्ये सांगू नकोस. ती इंग्लिश बोलली नसणार. मराठीत काय म्हणाली? शब्द सांग.’

शर्वाणीने आता मान वर केली. त्याच्या गालाकडे बघितलं, फेस वाळून पांढरा पापुद्रा धरलेल्या. ‘आय डोन्ट नो. गोइंग.’

‘येते म्हणाली की जाते म्हणाली?’

‘सेम थिंग.’

‘सेम थिंग नाही,’ ज्ञानेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. ‘जाते म्हणजे गोइंग. येते म्हणजे कमिंग.’

‘बट शी ऑल्वेज सेज येते व्हेन शीज गोइंग.’ शर्वाणी हे अगदी शांतपणे, एखाद्या मंद मुलाला गणित सांगावं तसं सांगत होती. ‘सो व्हेन आय हियर येते, आय हियर गोइंग. अँड इफ शी सेड जाते, आय’ड हियर गोइंग. यू सी?’

त्याला दिसलं. घराबाहेर पडताना आपल्याकडे कोणी ‘जाते’ म्हणत नाही. दुकानात जाणारीही ‘येते’ म्हणते, कामावर जाणारीही. ‘जाते’ हा शब्द परतीचं दार लावून घेतो म्हणून तो जिभेवर येऊच द्यायचा नाही, ही सवय त्याला कोणी कधी शिकवली नव्हती, ती होतीच. मुलीलाही कोणी शिकवली नव्हती, पण तिच्यात ती नव्हती. तिच्या कानाच्या आत शब्द पोचायच्या आधीच कोणीतरी त्याचं इंग्लिश करून ठेवत होतं आणि मूळ प्रत फेकून देत होतं. या घरात आज सकाळी एक शब्द उच्चारला गेला होता, दोनपैकी एक, आणि तो ऐकलेली एकुलती एक व्यक्ती त्याच्यासमोर दूध पीत होती, आणि तो शब्द आता कुठेही नव्हता.

‘आठवून बघ. सुरुवात य ने होती की ज ने?’

‘बाबा, आय वॉज हाफ अस्लीप. व्हॉट्स राँग विथ यू?’

‘काही नाही.’ मग, टेबलाला धरून, ‘ही गाडी तिला चालवता येते?’

शर्वाणीने चमचा खाली ठेवला. ‘यू’र जोकिंग.’ तो विनोद करत नव्हता हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने सांगितलं, तेही इंग्लिशमध्येच, की आई दर बुधवारी गाडी काढते. बुधवारी विद्याला तिच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमधून सुट्टी असे आणि ज्ञानेशची दिवसभराची मोठी ऑपरेशनची यादी असे. गेल्या हिवाळ्याआधीपासून. कदाचित त्याही आधीपासून. कधी डोंगरात जाते, कधी नुसतीच एक फेरी. ‘आय थॉट यू न्यू. हाउ कुड यू नॉट नो?’

हिवाळ्यात तीन-तीन आठवडे न हलवता या गाडीची बॅटरी उतरत नाही, हे ज्ञानेशने अनेकांना सांगितलं होतं. त्यामागे त्याची स्वतःची पद्धत होती, बॅटरीच्या टोकांना मेण आणि वर जुनं ब्लँकेट, आणि ती त्याने अभिजितला जेवणाच्या टेबलावर चमच्याने आकृती काढून समजावून दिली होती. विद्या समोर बसलेली होती. तिने वरणाचं भांडं पुढे केलं होतं.

‘सुरू कशी करते?’ त्याने विचारलं. हा प्रश्न या क्षणी विचारायचा नव्हता हे त्याला कळत होतं, तरी विचारला.

‘शी जस्ट वेट्स. यू नो दॅट टिकिंग? शी वेट्स टिल इट स्टॉप्स.’ शर्वाणी उठून वाडगा धुवायला गेली. नळाकडे तोंड करून म्हणाली, ‘यू नेव्हर लेट इट स्टॉप.’

सात. त्याने सात कुठून आणले होते? कोणी सांगितलं नव्हतं. त्याने स्वतः ठरवलं होतं, पहिल्याच आठवड्यात, आणि नंतर त्याचा स्वभाव केला होता, आपला नव्हे, गाडीचा.

सात वाजून वीस मिनिटांनी त्याने विद्याला पहिला फोन केला. वाजला, उचलला गेला नाही. चालवताना ती फोन घेत नाही. त्याने निरोप लिहायला घेतला. ‘ब्रेक’ एवढं लिहिलं आणि पुसलं. ‘कुठे आहेस?’ असं पाठवलं. हे तपशील नंतर त्याला कोणी विचारले नाहीत, पण त्याला ते मिनिटासकट माहीत आहेत. ब्रेकबद्दलचा निरोप, ‘पेडल दोनदा दाब’, त्याने आठ वाजून अकरा मिनिटांनी पाठवला. मधल्या एकावन्न मिनिटांत त्याने काय केलं? उरलेली दाढी केली. वर जाऊन कपाट उघडलं आणि काय कमी आहे ते बघत उभा राहिला. काय कमी आहे हे कळायला आधी काय होतं ते माहीत असावं लागतं. हँगरांमध्ये एक फट होती. ती आजची की नेहमीची, सांगता येईना. ब्रेकचं लिहायचं म्हणजे सोळा दिवसांचं लिहायचं. त्या सोळा दिवसांत ती दोनदा त्याच्या शेजारी बसली होती, गुडघ्यावर टोपी चढवून, आणि एकदा घाटाच्या उतारावर पाय खाली गेला तेव्हा त्याने तिच्याकडे चोरून बघितलं होतं. ती बाहेर बघत होती. तिला कळलं नाही याचा त्याला आनंद झाला होता. तिची बोलायची पद्धत त्याला ठाऊक होती: मोठ्याने काही नाही, फक्त ‘हो का’. त्या दोन शब्दांपेक्षा त्याला ब्रेक नसलेली गाडी परवडली होती.

दुसऱ्या निरोपावर एकच टिक आली. दुसरी आली नाही.

गाडी कुठल्या दिशेने गेली असेल? डोंगर जवळ होते. पण त्याच्या मनात एकच दिशा आली, पश्चिम. कासलबार. तिथल्या इस्पितळात तो एकोणीस वर्षांपूर्वी रजिस्ट्रार होता, तिथेच गाडी घेतली होती, जार्लथ मॅकहेल नावाच्या निवृत्त पशुवैद्याकडून. ही गोष्ट ज्ञानेशने इतक्यांदा सांगितली होती की तिला कडा राहिल्या नव्हत्या. जार्लथकडे गाडीसाठी तिघं येऊन गेले होते आणि त्याने तिघांना परत पाठवलं होतं. ज्ञानेशला त्याने शेजारी बसवून गावाबाहेर नेलं. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, मध्ये गाडीपेक्षा वीतभरच रुंद रस्ता, तिसरा गिअर, भिंतींवरून परत येणारा इंजिनचा आवाज, ओल्या गवताचा, गरम तेलाचा आणि कातड्याचा वास एकात एक; ज्ञानेशला त्या क्षणी आपण आयुष्यभर भाड्याच्या शरीरात राहत होतो असं वाटलं होतं. जार्लथने विचारलं, ‘तुला काय ऐकू येतंय?’ ज्ञानेश म्हणाला, डाव्या कार्ब्युरेटरला पेट्रोल जास्त जातंय. म्हातारा म्हणाला, ‘ग्रँड.’ सौदा तिथेच झाला. कान ओळखणारा कान, असं ज्ञानेश म्हणायचा. पुढे वर्षातून दोनदा, नाताळला आणि ईस्टरला, जार्लथचा फोन येई, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे: ‘हाऊज हरसेल्फ?’ ज्ञानेश सविस्तर सांगे.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याने जार्लथला फोन लावला. म्हाताऱ्याने उचलला, आणि सवयीने विचारलं, ‘हाऊज हरसेल्फ?’

‘तेच विचारायला फोन केला,’ ज्ञानेश म्हणाला. ‘गाडी तुमच्याकडे आलीये का?’

‘गाडी?’

‘हरसेल्फ.’

पलीकडे जार्लथ हळूहळू हसायला लागला, घशातून, खोकल्यासारखं. ‘अरे देवा,’ तो म्हणाला. ‘म्हणजे तू खरंच गाडीचं सांगायचास? आमच्याकडे हरसेल्फ म्हणजे माणसाची बायको रे, डॉक्टर. आमच्या नूलाला मी फोन ठेवल्यावर सांगायचो, हा माणूस काय विनोदी आहे. बायकोची चौकशी केली की म्हणतो, सकाळी जरा खोकते पण एकदा गरम झाली की ग्रँड.’

ज्ञानेशला आठवलं. तेल जरा पिते, असंही म्हणाला होता. मागची बाजू नवी करून घेतली, असंही.

‘विद्या तुमच्याकडे आलीये का?’

‘नाही. गुरुवारी फोन होता तिचा. बोललो बराच वेळ.’

‘काय बोलली?’

‘ते तिचं तिला विचार.’ जार्लथ आता हसत नव्हता. ‘नूला गेल्यापासून ती दर आठवड्याला फोन करते. तुला माहीत असेल.’

नूला, जार्लथची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली हे ज्ञानेशला माहीत होतं. त्याने कार्ड पाठवलं होतं. म्हणजे विद्याने पाठवलं होतं, खाली त्याचं नाव होतं. ‘तिला गाडी चालवता येते हे तुम्हाला ठाऊक होतं?’

‘येते म्हणजे? नूलानेच शिकवली. याच गाडीवर. तू गाडी बघितलीस त्याच्या आधी दोन महिने या दोघी रोज रस्त्यावर असायच्या. तुझा दिवस इस्पितळात, हिला काम करायचा परवाना नाही, आमच्या समोरच्या घरात एकटी. आमची मुलं अमेरिकेत. नूला म्हणाली, गाडी विकायचीच तर या घरात दे.’

‘तुम्ही तिघांना परत पाठवलंत.’

‘पाठवलं.’

‘मला विचारलंत, काय ऐकू येतंय. मी कार्ब्युरेटर सांगितला.’

‘सांगितला असशील. मला तेव्हाच त्या बाजूच्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून विचारलं.’ म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. ‘तू भला माणूस आहेस, डॉक्टर. पण गाडी मी तिला दिली. तू त्या घरातला होतास, एवढंच.’

आयुष्यात ज्या थोड्या लोकांबद्दल ज्ञानेशला तुच्छता वाटत नव्हती त्यात हा एक म्हातारा होता, आणि आता त्याच्याबद्दलही ती शोधायचा त्याने प्रयत्न केला. बहिरा, खेडवळ, गायीगुरांत हात घातलेला. जमलं नाही. त्याऐवजी त्याच्या तोंडून निघालं, ‘ब्रेकचं सील गेलंय. पहिल्या दाबाला पाय खाली जातो.’

‘तिला माहीत आहे?’

‘मी सांगितलेलं नाही.’

‘फोन ठेव,’ जार्लथ म्हणाला, ‘आणि गार्डांना कर.’

गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन करायला त्याला आणखी बत्तीस मिनिटं लागली. पलीकडे तरुण बाईचा आवाज होता, नम्र, कॉर्ककडच्या हेलाचा. गाडीचा नंबर, रंग, बायकोचं नाव, वय, कपडे. भांडण झालं होतं का? नाही. तब्येतीचं काही, औषधं? नाही. मग चिंतेचं कारण? त्याने सांगितलं. कीबोर्डवर बोटं वाजली.

‘हा दोष कधीपासून आहे, डॉक्टर?’

‘सोळा दिवस.’

‘तुम्हाला माहीत असून सोळा दिवस?’

‘हो.’

‘या काळात गाडी रस्त्यावर होती?’

‘हो.’

‘आणखी कोणी प्रवासी होते?’

त्याने वळून बघितलं. शर्वाणी दारात उभी होती. किती वेळची, ते कळायला मार्ग नव्हता. ‘आय वॉज,’ ती म्हणाली. ‘ट्यूजडे. यू ड्रोव्ह मी टू स्कूल.’ तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण फोनवरच्या बाईला ऐकू गेलं असावं, कारण बोटं परत वाजली. शर्वाणी दारातून निघून गेली. वर तिच्या खोलीचं दार लागलं, आपटलं नाही, लागलं.

मग काही करायचं उरलं नाही. विद्याची छोटी करड्या रंगाची रोजची गाडी बाहेर होती, चावी खुंटीला होती, पण कुठल्या रस्त्याने जायचं? तो खालच्या खोलीत खुर्चीवर बसला आणि गाडीची चांगली आठवण काढायचा प्रयत्न केला, कारण अशा वेळी माणसाने तसं करावं असं त्याला वाटलं. आठवणी होत्या. अ‍ॅकिलच्या बेटावरचा मे महिना, टप उघडा, उजवीकडे खाली समुद्र, वळणावळणाला इंजिनचा सूर अर्धा स्वर वर चढून खाली येत होता आणि दोन्ही कार्ब्युरेटर, अख्ख्या वर्षात एकदाच, एका श्वासाने चालत होते. विद्याने केस रुमालाने बांधले होते. ती त्याच्याकडे वळून काहीतरी सांगायला लागली होती. चेहऱ्यावर काहीतरी होतं, नेहमी नसणारं. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं होतं. थांब, ऐक. ती थांबली. तिने ऐकलं. काय सांगत होती ते त्याने नंतर विचारलं की नाही, हे त्याला आता कितीही ताणलं तरी आठवेना, इंजिनचा तो सूर मात्र त्याला तिथे बसल्या बसल्या गुणगुणता आला असता. त्याला वाटलं, माणसं झोपवण्याचा धंदा आपण उगीच निवडला नव्हता. जागी माणसं बोलतात.

बारा वाजता अभिजितचा फोन आला. उद्याच्या सहलीला हिरवी गाडी आणणार ना, मुलांना फोटो हवेत. ‘नाही,’ ज्ञानेश म्हणाला. ‘का हो डॉक्टर, म्हातारी रुसली वाटतं?’ एरवी या वाक्यावर त्याने अभिजितला चार दिवस पुरेल एवढं ऐकवलं असतं. ‘विद्या घेऊन गेलीये,’ तो म्हणाला. ‘अरे वा! वहिनी चालवतात? भारीच की!’ त्या आवाजात कौतुक होतं, उघडंवाघडं. ज्ञानेशने फोन ठेवला.

एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी गार्डांचा फोन आला. या वेळी पुरुष होता, वयस्कर, डब्लिन-कासलबार रस्त्यावर निम्म्या वाटेवरच्या लाँगफर्डच्या ठाण्याचा. शर्वाणी जिन्यावर येऊन थांबली. ज्ञानेशने फोन स्पीकरवर टाकला. गाडी सापडली होती. लाँगफर्डच्या रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये, भिंतीकडे तोंड करून, रेघांच्या बरोबर मध्ये. कुठेही ओरखडा नाही. टप चढवलेला, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकाला मोठा दगड लावलेला. इंजिन गार. काचेवर आतून पुठ्ठा लावलेला आहे, गार्डा म्हणाला, वाचून दाखवतो, मोठ्या अक्षरांत आहे: ब्रेक नाहीत, हलवू नका. ‘म्हणजे त्यांना माहीत होतं, डॉक्टर. तेवढं तरी बरं.’

‘आणि ती?’

गाडीत कोणी नाही. वेटिंग रूममध्ये नाही. तिकीट खिडकी शनिवारी बंद असते, यंत्र आहे; कॅमेऱ्यातलं चित्रण सोमवारी मिळेल. निळ्या रेनकोटमधल्या बाईंना चहाच्या टपरीवाल्याने साडेदहाच्या सुमारास बघितलं, चहा घेतला, पाऊस थांबेल असं म्हणाल्या. त्यानंतर त्या अलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेल्या की पूल ओलांडून पलीकडच्या, हे त्याने बघितलेलं नाही.

‘त्यानंतर गाड्या किती गेल्या?’ ज्ञानेशने विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. ‘दोन,’ गार्डा म्हणाला. ‘एक परत डब्लिनकडे. एक पुढे स्लायगोकडे.’